मजकूर गिटमध्ये ठेवा, वाचकाला मात्र गिटच्या दारात उभं करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या मराठी नियतकालिकाचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर चालतं. दोन-अडीच हजार लेख, चार संपादक आणि एक डेव्हलपर. आता मोबाईल ॲपही काढायचं आहे. सगळे लेख मार्कडाउन (साध्या खुणांनी सजवलेला मजकूर) फायलींत करून गिटहबवरच्या रेपॉझिटरीत ठेवले आणि संकेतस्थळ व ॲप दोघांनी ते तिथूनच एपीआयने ओढले, तर वेगळ्या सीएमएसची (मजकूर लिहिण्या-सांभाळण्याच्या साधनाची) गरज उरते का? (गिट म्हणजे फायलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, गिटहब ही अशा फायलींचे संच, म्हणजे रेपॉझिटरी, ठेवणारी सेवा, आणि एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागण्याची सोय.)

यातला पहिला अर्धा भाग जरूर करा, दुसरा करू नका. मजकूर गिटमध्ये ठेवणं चांगलंच. पण ॲपने प्रत्येक वेळी गिटहबकडे जाऊन लेख मागणं वाईट. ‘आम्ही गिट वापरून पाहिलं, जमलं नाही’ असं सांगणाऱ्यांशी थोडं बोललं की बहुतेकदा हेच निघतं की त्यांनी या दोन गोष्टी एकच धरल्या होत्या.

थेट मागण्यात अडचण काय, ती आधी पाहू. गिटहबचा एपीआय ओळख न देता वापरला तर एका आयपी पत्त्याला तासाला ६० विनंत्या मिळतात. मोबाईल नेटवर्कवर असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे हा कोटा तुमच्या पहिल्या काही वाचकांतच संपेल. टोकन (ओळख पटवणारी गुप्त किल्ली) दिलं तर ५,००० मिळतात, पण ॲपमध्ये घातलेलं टोकन बाहेर काढणं कुणालाही जमतं, आणि ते निघालं की तुमची रेपॉझिटरी उघडी. शिवाय फोल्डरमधल्या फायलींची यादी देणारा एपीआय एका वेळी १,००० पर्यंतच नावं देतो. तुमचे अडीच हजार लेख एकाच फोल्डरमध्ये असतील, तर उरलेले दीड हजार यादीत दिसणारच नाहीत. तुम्ही मुद्दाम मोजल्याशिवाय हे कळतही नाही.

मर्यादा उद्या वाढल्या तरी मूळ गोष्ट तीच राहते. ‘अमुक लेखिकेच्या, २०१५ नंतरच्या, दिवाळी अंकातल्या कथा द्या’ हा प्रश्न गिटला विचारता येत नाही. गिटला एवढंच कळतं की अमुक कमिटला (नोंदवलेल्या बदलाला) अमुक वाटेवर (फायलीच्या पत्त्यावर) अमुक बाइट्स होते. ते त्याला फार उत्तम कळतं. बाकी काही कळत नाही.

जुन्या पेढीवर कीर्द आणि खतावणी अशा दोन वेगळ्या वह्या असत. व्यवहार झाला की तो तारीखवार कीर्दीत उतरायचा. खोडाखोड नाही, चूक झाली तर उलटी नोंद. मग त्यावरून खात्यानुसार खतावणी तयार व्हायची, आणि ‘गणपतरावांकडे किती येणं’ हे विचारायला माणूस खतावणीच उघडायचा. गिट रेपॉझिटरी ही तुमची कीर्द. खतावणी तुम्हाला बनवावी लागते, आणि ती केव्हाही फेकून कीर्दीवरून पुन्हा बनवता आली पाहिजे. पुढचं सगळं यातूनच येतं.

खतावणी म्हणजे प्रत्यक्षात काय? संपादकाचा बदल मुख्य शाखेत (प्रकाशित होणाऱ्या प्रतीत) आला की बिल्ड, म्हणजे फायलींवरून तयार आउटपुट काढण्याचं काम, आपोआप चालतं. ते सगळ्या फायली वाचतं, तपासतं आणि त्यातून तयार जेसन (प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या मांडणीच्या) फायली काढतं: प्रत्येक लेखाची एक, प्रत्येक लेखकाची यादी, प्रत्येक विषयाची यादी, ताज्या वीस लेखांची यादी. या फायली सीडीएनवर (ठिकठिकाणी प्रती ठेवून फायली पुरवणाऱ्या जाळ्यावर) जातात आणि संकेतस्थळ व ॲप फक्त तिथूनच वाचतात. हाच तुमचा एपीआय. सर्व्हर नाही, डेटाबेस नाही, आणि गिटहब दुपारभर बंद पडलं तरी वाचकाला पत्ता लागत नाही.

इथे मी एक युक्ती नेहमी वापरतो. प्रत्येक बिल्डचं आउटपुट त्या कमिटच्या हॅशच्या (मजकुरावरून काढलेल्या खास ओळखक्रमांकाच्या) नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. त्या फोल्डरमधल्या फायली पुन्हा कधीच बदलत नाहीत, म्हणून त्यांना वर्षभराची कॅशे (साठवून ठेवलेली प्रत) लावली तरी चालते. बाहेर एकच छोटी फाइल असते, ‘सध्या चालू आवृत्ती अमुक हॅश’ एवढंच सांगणारी, आणि तिची कॅशे अर्ध्या-एक मिनिटाची. ॲप आधी ती वाचतं, मग त्या फोल्डरकडे जातं. काही बिघडलं तर त्या छोट्या फायलीत आधीचा हॅश लिहायचा, झालं. बिल्ड पुन्हा चालवायची वाट पाहावी लागत नाही. संपादकाला छापण्याआधी लेख बघायचा असेल तर त्याच्या शाखेचं बिल्ड वेगळ्या फोल्डरमध्ये जातं आणि चाचणीच्या ॲपला तो हॅश दिला की खऱ्या पडद्यावर लेख दिसतो. महागड्या हेडलेस सीएमएसमध्ये (फक्त मजकूर सांभाळून तो एपीआयने देणाऱ्या साधनात) ‘प्रिव्ह्यू’ या एका गोष्टीसाठी जेवढी जुळवाजुळव करावी लागते, त्यापेक्षा हे सोपं पडतं.

हे मोठ्या प्रमाणावर चालतं का, याचं उत्तम उदाहरण म्हणजे एमडीएन, वेब डेव्हलपर रोज उघडतात ते दस्तऐवजांचं संकेतस्थळ. ते बरीच वर्षं विकी होतं, मजकूर डेटाबेसमध्ये, आणि कुणीही केलेला बदल लगेच सगळ्यांना दिसायचा. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी सगळा मजकूर गिटहबवर आणला. दहा हजारांवर पानं. आधी जसंच्या तसं एचटीएमएल आणलं आणि मार्कडाउन नंतर सवडीने केलं. हा क्रम लक्षात ठेवा, स्थलांतर करताना तो तुमच्याही कामी येईल. बदल आता पुल रिक्वेस्टमधून (बदल आत घेण्याच्या विनंतीतून), कुणीतरी पाहिल्यावरच आत जातो. याची किंमतही त्यांनी मोजली: ज्या भाषांतरांना सांभाळणारा गट नव्हता, ती बाजूला ठेवावी लागली. परीक्षणाची पद्धत परीक्षक असतील तरच चालते. वॉशिंग्टन डीसीच्या नगर परिषदेनेही आपले कायदे रेपॉझिटरीतून प्रसिद्ध करायला सुरुवात केली, आणि २०१८ मध्ये एका नागरिकाने पुल रिक्वेस्ट पाठवून कायद्याच्या मजकुरातली मुद्रणचूक दुरुस्त करून घेतली.

आता चार संपादकांकडे येऊ, कारण योजना फसते ती इथे. त्यांना ‘कमिट’, ‘ब्रँच’, ‘मर्ज’ शिकवायला जाऊ नका. ते त्यांचं काम नाही, आणि वर्डप्रेसमध्ये ‘प्रकाशित करा’ हे एक बटण असताना ते हे का शिकतील? त्यांना फॉर्म हवा: शीर्षक, लेखक, चित्र, मजकूर, जतन करा. असा फॉर्म देऊन मागे गिटमध्ये लिहिणारी साधनं आहेत. डेकॅप (हेच पूर्वीचं नेटलिफाय सीएमएस, २०२३ मध्ये नाव बदललं), टीना, कीस्टॅटिक, क्लाउडकॅनन, पेजेस सीएमएस. डेकॅपमधली संपादकीय कार्यपद्धती चालू केली की प्रत्येक मसुद्याची आपोआप एक शाखा आणि पुल रिक्वेस्ट बनते, संपादकाला मात्र ‘मसुदा’, ‘तपासणीत’, ‘तयार’ असे तीन रकानेच दिसतात.

साधन निवडताना फार घोळ घालू नका, कारण ते बदलता येतं. फॉरेस्ट्री नावाचं असंच एक चांगलं साधन २०२३ मध्ये बंद झालं. वापरणाऱ्यांची गैरसोय झाली, पण मजकूर त्यांच्या स्वतःच्या रेपॉझिटरीत साध्या फायलींच्या रूपात होता. दुसरं साधन जोडलं आणि काम पुढे चाललं. बंद पडलेल्या एखाद्या होस्टेड सीएमएसमधून लेख बाहेर काढायची वेळ ज्यांच्यावर आली असेल, त्यांना यातला फरक कळेल.

तयार साधन न घेता स्वतःचा फॉर्म लिहायचा असेल तर एक नियम पाळा. गिटहबच्या एपीआयने फाइल बदलताना जुन्या आवृत्तीचा हॅश द्यावा लागतो. मधल्या वेळात दुसऱ्या कुणी ती बदलली असेल तर तुमची विनंती ४०९ हा संघर्षाचा संकेत देऊन नाकारली जाते. बरेच जण या नकारावर ‘नवा हॅश आणून पुन्हा पाठव’ असा उपाय लिहितात, आणि तिथेच दुसऱ्या संपादकाचं काम मुकाट्याने पुसलं जातं. नकार आला की संपादकाला दोन्ही आवृत्त्या दाखवा. लेख आणि त्याची लेखक-नोंद अशा दोन फायली एकत्र बदलायच्या असतील तर त्या एकाच कमिटमध्ये जाऊ द्या. एपीआयमध्ये तशी सोय आहे. नाहीतर दोन कमिटांच्या मधे बिल्ड चालतं आणि नसलेल्या लेखकाकडे बोट दाखवणारा लेख तयार होतो. कमिटमध्ये लेखक आणि कमिटकर्ता हे वेगळे रकाने असतात. कमिट बॉटने केलं तरी लेखक म्हणून संपादकाचंच नाव घाला. पाच वर्षांनी ‘हे वाक्य कुणी बदललं’ हा प्रश्न येतो.

परवानग्यांच्या बाबतीत गिट ढोबळ आहे. रेपॉझिटरी वाचायला दिली की ती सगळी वाचायला दिली. ‘याला फक्त कवितांचं फोल्डर दिसावं’ असं करता येत नाही. कोणत्या फोल्डरला कुणाची मान्यता लागेल एवढं ठरवता येतं. म्हणून मजकुराची रेपॉझिटरी कोडपासून वेगळी ठेवा, नाहीतर लेख दुरुस्त करणाऱ्याला बिल्डची स्क्रिप्ट बदलायचा हक्क मिळतो. आणि ती खासगी ठेवा. सार्वजनिक रेपॉझिटरीत ‘मसुदा: होय’ असं लिहिलेला लेख संकेतस्थळावर दिसत नसला तरी जगाला वाचता येतोच. दिवाळी अंकाची अनुक्रमणिका अशीच वेळेआधी बाहेर पडायची.

मराठी मजकुरासाठी काही गोष्टी इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडणार नाहीत, म्हणून त्या इथे जरा सविस्तर सांगतो.

गिट बाइट्सची तुलना करतं, अक्षरांची नाही. ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘सुऱ्या’ यांतला ऱ दोन प्रकारे लिहिला जातो: एक स्वतंत्र ऱ आणि हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. एका संपादकाचा कीबोर्ड एक देतो, दुसऱ्याचा दुसरा, आणि मग डिफमध्ये (दोन आवृत्त्यांच्या तुलनेत) ओळ बदललेली दिसते पण काय बदललं ते डोळ्यांना सापडत नाही. ‘ॲ’चंही तसंच: २००८ पासून युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा आहे, पण अ आणि वर चंद्र असा जोडूनही तो लिहिला जातो. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण यातलं काहीही एक करत नाही. ते फक्त नुक्ता जोडून लिहिलेला ऱ मूळ ऱमध्ये आणतं. म्हणजे अदलाबदलीचे नियम तुम्हालाच लिहावे लागतात आणि ते जतन करतानाच चालवायचे. नंतर एकदम सगळ्या फायलींवर चालवले तर त्या एका कमिटने पूर्ण इतिहासाचा माग बुजतो.

गिट दोघांचे बदल ओळीनुसार एकत्र (मर्ज) करतं. आपले लेखक पंधरा वाक्यांचा परिच्छेद एका ओळीत लिहितात. दोघांनी त्याच परिच्छेदातली वेगवेगळी वाक्यं सुधारली तरी संघर्ष येतो. फाइल जतन होताना प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर टाका. मार्कडाउनमध्ये साध्या ओळ-बदलाने परिच्छेद तुटत नाही, छापील रूप तेच राहतं, आणि संघर्ष बरेच कमी होतात. तुलना शब्दांनुसार दाखवा, एकेका अक्षरानुसार नको, नाहीतर मात्रा सुट्या होऊन लटकतात.

फायलींची नावं देवनागरीत ठेवण्याचा मोह आवरा. गिटचं डिफॉल्ट असं की लॅटिन नसलेली नावं ते आकड्यांच्या सांकेतिक रूपात दाखवतं (कोटपाथ ही सेटिंग बंद केली की नीट दिसतात). देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलप्रणालींत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. मात्रा आणि हलन्तही त्यात मोजायचे. आपल्याकडच्या लेखांची शीर्षकं ही मर्यादा सहज ओलांडतात. दुव्यात तर ‘पाऊस’ या चार चिन्हांची ३६ अक्षरं होतात. शिवाय शीर्षकावरून दुवा बनवणारी बरीच तयार साधनं मात्रा आणि हलन्त गाळतात. रोमन नाव ठेवा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक लेखाला फायलीच्या आत एक कायमचा क्रमांक द्या. ॲपमधली वाचनखूण त्या क्रमांकावर ठेवा, वाटेवर नाही. गिट फायलीचं नाव बदलल्याची नोंद कुठेच ठेवत नाही, नंतर मजकुराच्या साम्यावरून ते फक्त अंदाज बांधतं.

फायलीच्या डोक्यावरचा यामल मजकूर (शीर्षक, लेखक, तारीख लिहायचा भाग) हा वेगळाच सापळा. शीर्षकात अपूर्णविराम आला, ‘पुणे: एक आठवण’, की अवतरणचिन्हांशिवाय तो मोडतो. यामल वाचणारा जुन्या नियमांचा प्रोग्राम (पार्सर) शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान धरतो, त्यामुळे पुण्याचा एसटीडी कोड ०२० हा १६ होतो आणि मुंबईचा ०२२ हा १८. वेळेसोबत यूटीसीपासूनचं (जागतिक प्रमाणवेळेपासूनचं) अंतर लिहिलं नाही तर ह्यूगोसारखी संकेतस्थळ बनवणारी साधनं ती वेळ यूटीसीच धरतात. सकाळी ६ चा लेख साडेअकरापर्यंत उगवत नाही. म्हणून प्रत्येक फायलीची रचना बिल्डमध्ये तपासा आणि चूक असेल तर बिल्ड तिथेच थांबवा. संदेश मराठीत द्या, ‘लेखकाचं नाव यादीत नाही’ असा. संपादकाला इंग्रजी स्टॅक ट्रेस पाठवला की तो तुम्हाला फोन करतो.

वेळ लावून प्रकाशित करणं गिटमध्ये मुळातच नाही. ठरावीक वेळी बिल्ड चालवावं लागतं. गिटहब ॲक्शन्समध्ये (गिटहबच्या बिल्ड चालवण्याच्या सोयीत) वेळ यूटीसीत लिहा, म्हणजे आपल्या सकाळी ६ साठी ००:३०. तासाच्या ठोक्यावर गर्दीमुळे उशीर होतो, म्हणून १७ किंवा ४३ अशा आडनिड्या मिनिटाला लावा. सार्वजनिक रेपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल नसेल तर ही वेळापत्रकं आपोआप बंद होतात. तुमची खासगी असेल, पण हे माहीत असू द्या.

चित्रं रेपॉझिटरीत घालू नका. जेपेग बदललं की गिट जवळजवळ पूर्ण नवी प्रत साठवतं आणि जुनी कायम राहते. गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल घेतच नाही, पण खरा त्रास त्या मर्यादेच्या कितीतरी आधी सुरू होतो: दोन वर्षांनी क्लोन करायला (पूर्ण प्रत उतरवायला) चहा पिऊन यावं लागतं. मूळ चित्रं ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (फायली ठेवण्याच्या ऑनलाइन गोदामात) ठेवा आणि लेखात फक्त त्यांची नावं लिहा. एलएफएस (मोठ्या फायली वेगळ्या साठवण्याची गिटची जोडसोय) वापरलंच, तर बिल्ड सर्व्हरवर ते चालू आहे ना हे पाहा, नाहीतर चित्राच्या जागी तीन ओळींची मजकूर-फाइल जाते.

न पुसणं हा कीर्दीचा गुण, आणि कधी कधी तोच नडतो. एखाद्या लेखात कुणाचा फोन नंबर गेला आणि नंतर तो काढला, तरी इतिहासात राहतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. इतिहास पुन्हा लिहिता येतो, पण मग पुढच्या सगळ्या कमिटांचे हॅश बदलतात आणि जुने क्लोन कुणाकडे असतील त्यांवर तुमचा ताबा नसतो. म्हणून वाचकांच्या प्रतिक्रिया, वर्गणीदार, पत्ते यांतलं काहीही गिटमध्ये नको. त्यासाठी साधा डेटाबेस ठेवा. ‘सगळं एकाच ठिकाणी’ या हौसेपायी तेही गिटमध्येच टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

ॲपमधल्या शोधासाठी बिल्डमध्येच एक एसक्यूलाइट (एकाच फायलीत मावणारा डेटाबेस) फाइल बनवा आणि ॲपला द्या; अडीच हजार लेखांना ती पुरते आणि नेटशिवायही चालते. पण त्याच्या एफटीएस५ या मजकूर-शोधातलं डिफॉल्ट फक्त अक्षरं आणि आकडे शब्दाचा भाग मानतं, मात्रांना नाही. ‘पाणी’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे होतात. टोकनायझरला (मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाला) मात्रा-हलन्तासारख्या चिन्हांचे वर्गही जोडायला सांगा. त्यानंतरही ‘पाऊस’ शोधणाऱ्याला ‘पावसात’ सापडणार नाही. सुरुवातीची अक्षरं जुळवून ‘घर’वरून ‘घरात’ मिळतं, पण सामान्यरूपात मूळ शब्दच बदलतो तिथे ते चालत नाही. नेहमीच्या अशा शब्दांची यादी हाताने करावी लागते.

हे सगळं कुणी करू नये तेही सांगतो. दर पाच मिनिटांनी बातमी टाकणारं वृत्तपत्र, तीस उपसंपादक, किंवा रकान्यागणिक वेगळी परवानगी लागणारं काम असेल तर गिटच्या नादी लागू नका. तिथे डायरेक्टस किंवा पेलोडसारखं डेटाबेसवालं साधन घ्या. किंवा वर्डप्रेसच ठेवा. डिसेंबर २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून त्याच्या गाभ्यातच मजकुराचा रेस्ट एपीआय आहे.

तुमच्यासाठीही मी एकदम उडी सुचवणार नाही. पहिले काही महिने संपादकांना वर्डप्रेसमध्येच लिहू द्या. रोज रात्री त्या एपीआयमधून सगळे लेख काढून गिटमध्ये कमिट करणारी स्क्रिप्ट लिहा, एचटीएमएल तसंच राहू द्या, आणि ॲप त्यावरून बनलेल्या जेसनवर चालवा. बिल्ड, तपासणी, सीडीएन, शोध हे सगळं संपादकांना हात न लावता पक्कं होतं. नंतर एका सदरासाठी, शक्यतो सगळ्यात उत्साही संपादकाच्या सदरासाठी, लिहिण्याची बाजू डेकॅपवर न्या. तो महिनाभरानंतरही वर्डप्रेसकडे परतायला म्हणत नसेल तर बाकीची सदरं हलवा. जुने दुवे नव्या दुव्यांकडे वळवणारी यादी पहिल्या दिवसापासून त्याच रेपॉझिटरीत ठेवा. आणि आठवड्यातून एकदा संपूर्ण रेपॉझिटरीची मिरर प्रत गिटहबबाहेर, दुसऱ्या खात्यात किंवा ऑफिसातल्या डिस्कवर उतरवा. त्या प्रतीत पुल रिक्वेस्टमधली चर्चा आणि एलएफएसमधली चित्रं येत नाहीत; ती हवी असतील तर वेगळी काढावी लागतात.